घड्याळ बोटीचं ठेवा

पुणे,
शनिवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या सिंगापूर-पिनांग-फुकेत क्रूझची तिकिटं, व्हिसा आणि विम्याचे कागद काल कुरिअरने निघाले, सोमवारपर्यंत बडोद्याला पोचतील. फोनवर सांगितलेलं बाबा अर्धं ऐकतात आणि आई अर्धं विसरते, म्हणून बाकीचं लिहून पाठवते आहे. ऑफिसात हेच सांगून माझा घसा रोज कोरडा पडतो. तिथे गिऱ्हाइकाला जपून बोलावं लागतं, तुमच्याशी तशी गरज नाही.

आधी बोटीचं. जेंटिंग ड्रीम २०१६ साली जर्मनीत बांधलेली आहे, लांबी ३३५ मीटर. प्रवासी तीन हजारांच्या वर, शिवाय राबणारी माणसं वेगळी. माहितीपत्रकात दीड लाख टन लिहिलंय, ते वजन नव्हे बाबा, बोटीच्या आतल्या एकूण जागेचं माप आहे. एवढं धूड ओखा ते बेट द्वारका नावेसारखं हिंदकळत नाही. पाण्याखाली दोन्ही कुशींना माशाच्या परांसारखे पोलादी पंख असतात. बोट डावी-उजवीकडे कलायला लागली की ते उलट जोर लावतात. पण समोरून लाट आली की पुढचं टोक वर उचलतं आणि खाली बसतं. त्यावर पंखांचा उपाय चालत नाही. सी-सॉच्या फळीवर मधे बसणाऱ्याला सगळ्यात कमी हलतं, तसंच हे. म्हणून केबिन मधोमध आणि खालच्या बाजूच्या मजल्यावर घेतली आहे. आईला सगळ्यात वरची बाल्कनी हवी होती, ती मुद्दाम घेतली नाही. तिथे झोका जास्त, आणि डोक्यावर डेकच्या खुर्च्या सरकवल्याचा आवाज पहाटेपासून.

फेब्रुवारी आहे आणि मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्राच्या आडोशाला असते, तेव्हा समुद्र बहुतेक शांतच मिळेल. फुकेतची बाजू खवळते ती मे ते ऑक्टोबर. तरी बोट लागलीच तर एवढं लक्षात ठेवा, की ती पोटापेक्षा कानाला लागते. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘हलतंय’, आणि समोरची केबिनची भिंत बघून डोळे सांगतात ‘काही हलत नाही’. या भांडणात ओकारी येते. म्हणून केबिनमध्ये पडून राहू नका, पुस्तक नको, मोबाइल तर नकोच. उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसा. पोट रिकामं ठेवू नका, खाकरा, लाह्या, आलेपाक थोडं थोडं चघळा. ॲव्होमिनची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. आणि बाबा, तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. या गोळीने प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडू शकते. गुंगीही येते, तशात जिने चढायचे नाहीत.

आता सिंगापूर, कारण माझ्या मते खरी परीक्षा तिथे आहे, बोटीवर नाही. अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट असतं. ते मी इथून भरते. कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. बोट सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येते, म्हणजे देशात तुमचा प्रवेश दोनदा होतो. व्हिसावर ‘मल्टिपल’ लिहिलंय की नाही ते मी पाहिलं आहे, पण बाबांनी चष्मा लावून पुन्हा पाहावं.

बाबांची तंबाखूची डबी घरीच राहील. चघळायची तंबाखू तिथे न्यायला बंदी आहे, ‘एवढीशी तर आहे’ हे कस्टमवाल्याला सांगता येत नाही. च्युइंगम नको. आणि आई, हे नीट वाच: खसखस नको. खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते. म्हणजे अनारसे बाद, आणि खसखस घातलेलं सारण असलेल्या करंज्याही बाद. तू प्रेमाने केलेला डबा विमानतळावर कुणीतरी उलगडून बघेल आणि तुला ‘हे पांढरे दाणे कसले’ विचारेल, ते टाळू. लीलो चिवडा, भाकरवडी, खाकरे न्या. भाकरवडी दुकानातून घेणार असाल तर सारणात काय आहे ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी खसखस असते.

झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध न्यायचं असेल तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी काढावी लागते. बाकीची औषधं मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसकट. डबीत सुट्या गोळ्या भरून नेऊ नका. बाबांचं इन्सुलिन हातातल्या बॅगेत, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. केबिनमधला छोटा फ्रिज पेयं गार ठेवण्यापुरताच असतो, तो पुरेसा थंड आहे का ते केबिन साफ करणाऱ्याला विचारा. नसेल तर बोटीच्या दवाखान्यात ठेवायला सांगा.

अहमदाबादहून विमान बोटीच्या आदल्या दिवशीचं घेतलंय. एक रात्र हॉटेलचे पैसे गेले म्हणून बाबा कुरकुर करतील. विमान चार तास रखडलं तर बोट थांबत नाही, एवढंच उत्तर. एक्स्प्रेसवेने बडोदा ते विमानतळ शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण अहमदाबादच्या आतला ट्रॅफिक धरून विमानतळावर पोचायच्या वेळेच्या चार तास आधी निघा. सिंगापुरात क्रूझची बंदरं दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ सेंटर’ म्हटलंत तर तो त्याच्या मनाने एकीकडे नेईल. तिकिटावरचं नाव त्याला दाखवा.

बंदरात मोठ्या बॅगा टॅग लावून देऊन टाकायच्या. त्या केबिनच्या दारात यायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चष्मा, पासपोर्ट, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. चढल्या चढल्या सगळी बोट बुफेवर तुटून पडते. तुम्ही लवकर चढलात तर बाराच्या आत जेवून घ्या, नाही तर दोननंतर जा. लिफ्टचंही तेच. मधल्या लिफ्टपुढे गर्दी असते, थोडं चालून टोकाच्या लिफ्टकडे गेलात तर गुडघ्यांना बरं. केबिनच्या नंबरातले पहिले आकडे म्हणजे मजला. एवढं कळलं की चुकायला होत नाही.

निघण्यापूर्वी धोक्याच्या सूचनेची कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आवाज कानात बसवून घ्या. तुमच्या जमायच्या जागेचं अक्षर कार्डावर छापलेलं असतं. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडली, तेव्हा बऱ्याच प्रवाशांची कवायतच झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि आता निघण्याआधी किंवा निघताक्षणी ती घ्यावीच लागते. टाळाटाळ करू नका. त्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालत जाऊन या, कारण खऱ्या वेळी लिफ्ट वापरायची नसते.

ते कार्ड म्हणजे केबिनची किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट, तिन्ही. बोटीवर खर्चाला रोख चालत नाही, सगळं कार्डावर चढतं आणि शेवटी वसूल होतं. त्याच्याशी क्रेडिट कार्ड जोडा, डेबिट नको. डेबिटवर अनामत म्हणून अडवलेली रक्कम सुटायला कधी कधी बरेच दिवस लागतात. टिपेचे पैसे माणशी, दर रात्रीचे, आपोआप लागतात, वेगळी टीप द्यायची गरज नाही. केबिनमध्ये मांडून ठेवलेली पाण्याची बाटली फुकट समजू नका. बुफेतलं नळाचं पाणी पिण्याचंच असतं, तुमची बाटली तिथे भरा. आणि बंदर सोडताच दोघांचेही मोबाइल फ्लाइट मोडवर. समुद्रात फोन बोटीचं उपग्रहावरचं नेटवर्क आपणहून पकडतो आणि त्याचं बिल बघून बाबांचं बीपी वाढेल. मला रोज फोन नको, बंदरात उतरलात की एक मेसेज पुरे.

केबिनमधल्या बाथरूमला उंबरठा असतो, जरा उंच. रात्री उठताना बाबांनी दिवा लावूनच उठायचं. संडास हवेच्या दाबाने ओढणारा असतो. धाडकन आवाज होतो, दचकू नका, झाकण लावून मग बटण दाबा. त्यात टिश्यूखेरीज काही टाकू नका, पाइप तुंबला तर शेजारच्या चार केबिनी तुंबतात. हातात धरायचा फवारा असेलच असं नाही, प्लास्टिकचा छोटा मग बॅगेत टाका. लाजण्यासारखं काही नाही, आपल्याकडचे निम्मे लोक नेतात.

बाल्कनीचं दार जड असतं. ते उघडं असताना केबिनचं दार कुणी उघडलं तर आरपार वारा घुसतो आणि दार अशा जोराने आपटतं की बोट सापडलं तर मोडेल. एक दार बंद करून मगच दुसरं. चौकटीवर हात ठेवून गप्पा मारत उभं राहायची आईची सवय आहे, ती इथे नको. देव न्यायला हरकत नाही, पण उदबत्ती, निरांजन, कापूर, काडेपेटी काहीच नाही. बोटीवर सगळ्यात मोठी भीती आगीची असते. इस्त्री आणि चहाची इलेक्ट्रिक किटलीही काढून घेतात.

आता बंदरांविषयी, आणि इथे घड्याळाचं. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. पिनांगची वेळ सिंगापूरचीच, पण फुकेत एक तास मागे. बोट बहुतेक सिंगापूरचीच वेळ धरून चालते, आणि मोबाइल मात्र किनारा लागताच गुपचूप फुकेतची वेळ दाखवायला लागतो. समजा, परत येण्याची वेळ साडेचारची आहे. बोटीवर साडेचार वाजतात तेव्हा मोबाइलमध्ये साडेतीन असतात. मोबाइलवर विसंबलेला माणूस ‘अजून तास आहे’ म्हणत शहाळं पीत बसतो. म्हणून बाबांनी किल्लीचं एचएमटी मनगटावर बांधावं, सकाळी किल्ली द्यावी आणि केबिनमधल्या छापील पत्रकाशी लावून घ्यावं. त्या घड्याळाला कुठलाच टॉवर सापडत नाही, हाच त्याचा गुण. बोटीने वेळ बदललीच तर तसं जाहीर करतात, पत्रकातही येतं.

दिलेल्या वेळेच्या तासभर आधी परत या. बोट थांबत नाही यात माज नाही. धक्क्याची जागा, बोटीला वाट दाखवणारा बंदराचा पायलट, ओढणाऱ्या टगबोटी, सगळं तासातासाने ठरलेलं असतं आणि मागे दुसरी बोट उभी असते. बोटीकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर ते तुमची सोय बघतात. स्वतः टॅक्सी करून गेलात तर पुढच्या बंदरापर्यंत विमानाचं तिकीट तुमचं तुम्ही काढायचं.

पिनांगला स्वतः फिरा. बोट जॉर्जटाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागते, गाव पायाशीच. थोडं चालून लिटिल इंडिया, तिथे क्वीन स्ट्रीटवर १८३३ सालचं महामारिअम्मनचं देऊळ आहे. जवळपास दक्षिणी शाकाहारी जेवणही मिळेल. सकाळीच उरका, दुपारी उकाडा सोसवत नाही.

फुकेतला मात्र बोटीची सहल घ्या. पातोंगच्या खाडीत मोठी बोट नांगर टाकून उभी राहिली तर छोट्या होडीने किनाऱ्यावर नेतात. चढता-उतरताना होडी वर-खाली होत असते आणि मधे फट असते. दोन्ही हात मोकळे ठेवा, पिशवी खांद्यावर आडवी. खलाशी कोपराखाली धरतो, तुम्हीही त्याचा हात तसाच धरा, बोटं धरू नका. होडी वर येऊन पायरीशी समपातळीला आली की तो सांगेल, त्या क्षणी एकच पाऊल. दोन पाय दोन्हीकडे ठेवून थांबायचं नाही. आईने त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालावा. साडी ओली झाली की पायात गुंडाळते. पैठणी रात्रीच्या जेवणाला नेस, आणि शाल घे, थिएटरात एसी फार असतो. समुद्र चढा असेल आणि गुडघे नको म्हणत असतील तर खुशाल बोटीवर राहा. त्या दिवशी बोट रिकामी असते, मला विचाराल तर तोच सगळ्यात चांगला दिवस.

जेवणाचं ‘भारतीय शाकाहारी’ म्हणून आधीच कळवलं आहे. तरी पहिल्या रात्री टेबलावरच्या मुख्य माणसाला पुन्हा सांगा. उपासाचं काही हवं असेल तर आदल्या रात्री सांगायचं, आयत्या वेळी साबुदाणा कुठून आणणार ते? आणि बुफेआधी हात साबणाने धुवा, वीस सेकंद. दारातली बाटली पुरत नाही. बोटीवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस त्या जेलला फारसा दाद देत नाही. वाढायचा डाव कितीतरी जणांच्या हातून गेलेला असतो, म्हणून वाढून घेतल्यावर बोटं चाटायची नाहीत, बाबा.

शेवटच्या आदल्या दिवशी बिल टीव्हीवर किंवा काउंटरवर बघून घ्या. चूक दुरुस्त करायची ती तेव्हाच, उतरण्याच्या सकाळी तिथे मोठी रांग असते. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी बंदरात मिळतात. त्याआधी सकाळचे कपडे, चपला आणि गोळ्या बाहेर काढून ठेवा. दर फेरीत कुणीतरी सगळं बॅगेत भरतं आणि सकाळी पायजम्यावर उतरतं.

विम्यात बाबांची साखर आणि दोघांचं बीपी लिहूनच पॉलिसी घेतली आहे, बोटीवरच्या डॉक्टरपासून काही लपवू नका. तिथे आधी पैसे भरावे लागतात, तेव्हा प्रत्येक पावती जपून ठेवा.

दोघांच्या सगळ्या औषधांच्या पाकिटांचा फोटो मंगळवारपर्यंत पाठवा, नाव आणि मिलिग्रॅम दिसेल असा. परवानगी काढायची असेल तर दोन-तीन आठवडे हाताशी हवेत. बाबांचं घड्याळ मागे पडतं म्हणत होतात, ते याच आठवड्यात आपल्या मांडवीच्या घड्याळजीला दाखवून आणा.

तुमची,
मुग्धा