भूसुरुंग शोधणाऱ्या ड्रोनवर लक्ष ठेवायला शिकवणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

भूसुरुंग शोधणाऱ्या ड्रोनचे नियंत्रण आणि देखरेख मी आपल्या हाताखाली शिकले. त्याबद्दल आपले आभार समोर अनेकदा मानले असले, तरी आज ते जाहीरपणे मानावेसे वाटतात, कारण आपण दिलेली शिस्त या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडायला हवी.

ड्रोन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे उडवण्याचे कसब येते. प्रत्यक्षात आखलेल्या समांतर पट्ट्यांवरून ड्रोन नेण्याचे काम ऑटोपायलट करतो आणि माणसाचा कस लागतो तो ग्राउंड स्टेशनच्या पडद्यासमोर. उंची, वेग, बॅटरी, उपग्रहांची संख्या, संपर्काची स्थिती हे सारे आकडे एकाच वेळी हलत असतात. त्यांतला कोणता केव्हा पाहायचा, हे आपण शेजारी बसून, पडद्यावर बोट ठेवून दाखवलेत.

उंचीचेच पाहा. मॅग्नेटोमीटर, म्हणजे लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपणारा सेन्सर, जमिनीच्या अगदी जवळून न्यावा लागतो, कारण लहान लोखंडी वस्तूचा चुंबकीय प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की संकेत आठव्या हिश्शावर येतो. वाऱ्याच्या झोताने ड्रोन काही क्षण वर उचलला गेला, तर आलेख सपाट होतो आणि नवख्या माणसाला ती जमीन निर्धोक वाटते. असाच एक सपाट भाग आला, तेव्हा आपण आलेख थांबवलात, त्याच्याखाली उंचीमापकाची नोंद लावलीत आणि विचारलेत, "इथे सुरुंग नाही, की इथे आपल्याला काही कळलेच नाही?"

आमच्या कामाची पद्धत त्या प्रश्नावर उभी राहिली. आम्ही नकाशावर उड्डाणाचा आराखडा रंगवत नाही, ड्रोन खरोखर जिथून आणि ज्या उंचीवरून गेला तेवढाच भाग रंगवतो. उंची मर्यादेबाहेर गेली, सेन्सरची नोंद तुटली किंवा आरटीके दुरुस्ती (उपग्रहांवरून कळणारी जागा जमिनीवरच्या केंद्राच्या मदतीने अचूक करणारी) डळमळली, की तो पट्टा कोरा राहतो आणि पुन्हा उडवला जातो. आरटीके पक्के असताना जागा काही सेंटीमीटरच्या अचूकतेने कळते. ते सुटले की फरक अनेक पटींनी वाढतो. पुढे त्याच खुणेवर एक माणूस हातात मेटल डिटेक्टर घेऊन, गुडघे टेकून जमीन तपासणार असतो, हे आपण आम्हाला कधी विसरू दिले नाहीत.

संपर्क तुटल्यावर काय करायचे, याविषयीचा आपला आग्रह तर मला सर्वांत मोलाचा वाटतो. मॅव्हलिंक या ड्रोनच्या संदेशप्रणालीवर ड्रोन आणि ग्राउंड स्टेशन साधारण दर सेकंदाला एकमेकांना आपण चालू असल्याचा संदेश देतात. तो काही काळ आला नाही, तर ठरवून दिलेली फेलसेफ, म्हणजे बिघाडात आपोआप होणारी बचावाची, कृती सुरू होते. इतर कामांत ड्रोन आहे तिथे उतरला तरी चालते. इथे ती जागा संशयित सुरुंगक्षेत्र असते. म्हणून परतीची उंची ठरवताना झाडांबरोबर खाली लटकणाऱ्या सेन्सरच्या दोरीची लांबीही धरायची, आणीबाणीत उतरण्याची जागा आधीच साफ झालेल्या जमिनीवरच नेमायची, आणि ड्रोन आत पडलाच तर वाट साफ होईपर्यंत तो आणायला कोणीही जायचे नाही, हे नियम आपण लेखी करून घेतलेत. सेन्सर महाग असल्याने वरून दबाव आला, तेव्हाही आपण तसूभर हटला नाहीत.

यंत्राच्या मर्यादाही आपण अहवालात स्पष्ट लिहायला लावल्यात. पीएफएम-१ सारख्या प्लास्टिकच्या आवरणाच्या सुरुंगांसाठी केवळ मॅग्नेटोमीटरवर विसंबता येत नाही. थर्मल कॅमेऱ्याला उजाडताना आणि मावळतीला, माती आणि सुरुंग वेगवेगळ्या गतीने तापत-निवत असताना, फरक दिसू शकतो, पण दाट गवताखाली तोही लपतो. त्यामुळे ड्रोनची नोंद म्हणजे जमीन साफ झाल्याचा दाखला, असे आमच्या एकाही अहवालात लिहिले जात नाही. ही गोष्ट निधी देणाऱ्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागते, आणि ती सांगण्याचे धैर्य आपल्याकडूनच आले.

आता एकाच व्यक्तीने दोन ड्रोनवर देखरेख ठेवावी, असा प्रस्ताव आमच्यापुढे आहे. दोन्हींचा इशारा एकदम वाजला, तर आधी कोणाकडे पाहायचे, याचे उत्तर ठरल्याशिवाय मी त्याला संमती देणार नाही. त्याविषयीचे माझे टिपण सोबत पाठवत आहे. सवडीने वाचावे आणि नेहमीसारखी लाल शाईची कसर ठेवू नये, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी