आजार जपानी, म्हणून ऑपरेशनही जपानला?

महोदय,
माझ्या ९ वर्षांच्या पुतणीला ‘मोयामोया’ आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बारीक वाहिन्यांचे जाळे उगवते. अँजिओग्राफीत ते धुरासारखे दिसते, म्हणून १९६९ मध्ये जपानी डॉक्टरांनी हे नाव दिले. नाव ऐकताच नातेवाइकांनी जपान ठरवूनही टाकले! भावाने दीड एकर विकायला काढली. डोक्याच्या त्वचेतली धमनी मेंदूतल्या धमनीला जोडण्याची ही बायपास मुंबईतही होते, हे तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितले. ‘तुम्ही अशा किती केल्यात?’ हे त्यांना विचारायला मात्र भाऊ अजून कचरतो. शिवाय नंतर वर्षानुवर्षे तपासण्या; दरवेळी टोकियो गाठणार कोण? अशा शस्त्रक्रिया राज्यात कुठे होतात, त्याची यादी जिल्हा रुग्णालयांत तरी लावावी.
– एक वाचक, सातारा