मालकाच्या बाजूने उभे राहताना

पुणे

चि. गौरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मॅनेजमेंटच्या बाजूने कामगार कायद्याची वकिली करणाऱ्या कार्यालयात रुजू व्हावे की नाही, असे तू विचारले आहेस. त्याच्या पाठोपाठ, ज्याला पगाराखेरीज दुसरा आधार नाही अशा माणसाविरुद्ध उभे राहताना मनाला काय सांगायचे, हेही विचारले आहेस. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देणे मला योग्य वाटले नाही.

हे काम सन्मानाने करता येते, असे मी माझ्या अनुभवावरून सांगते. मात्र त्यासाठी प्रकरण कामगार न्यायालयात पोहोचण्याच्या आधी, आपल्या अशिलाच्या निर्णयाची परीक्षा आपणच न्यायाधीशाइतक्या कठोरपणे करावी लागते. ज्याला ते जमत नाही, त्याच्या हातात तारखा लांबवणे एवढेच उरते, आणि ती वकिली तू करू नयेस असे मला मनापासून वाटते.

आमच्या कामाचा गाभा खातेचौकशीत, म्हणजे कामगारावरच्या आरोपांची कंपनी स्वतः जी चौकशी करते तिच्यात, असतो. आरोपपत्रात घटनेची तारीख, वेळ आणि जागा स्पष्ट आहे का, कामगाराला कागदपत्रे व साक्षीदारांची यादी मिळाली का, उलटतपासणीची खरी संधी दिली गेली का, निलंबनाच्या काळातला निर्वाहभत्ता पहिले 90 दिवस निम्म्या वेतनाइतका आणि त्यानंतर त्याच्याकडून विलंब झाला नसेल तर पाऊणपट दिला गेला का, हे सर्व त्या बंद खोलीत ठरते. चौकशी अधिकारी मॅनेजमेंटनेच नेमलेला असतो, त्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाकडे अधिक बारकाईने पाहणे हे आपलेच काम आहे. पार्ट वन अवॉर्डमध्ये, म्हणजे चौकशी योग्य झाली का एवढ्यापुरत्या न्यायालयाच्या पहिल्या निर्णयात, चौकशी सदोष ठरली, तरी न्यायालयासमोर नव्याने पुरावा देण्याची मुभा मॅनेजमेंटला असते. पण ती वेळेवर मागावी लागते, आणि तोपर्यंत सुपरवायझर निवृत्त झालेला असतो, गेटवरचे रजिस्टर कुठे गेले ते कोणालाच सांगता येत नाही.

आपल्याच पुण्यातले भारत फोर्जचे प्रकरण तू अवश्य वाच. 1983 साली कामावर झोपलेल्या एका कामगाराला बडतर्फ केले गेले, आणि ती बडतर्फी योग्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सांगितले. मधल्या टप्प्यांवर न्यायालयांची शिक्षेबद्दलची मते वेगवेगळी झाली. तरी मॅनेजमेंटची बाजू टिकली, कारण चौकशी रीतसर झाली होती आणि त्याच कारणासाठी पूर्वी झालेल्या शिक्षांची नोंद फायलीत होती. डिसेंबर 1971 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम 11-अ आल्यापासून शिक्षा प्रमाणात आहे की नाही हे न्यायालय स्वतः तपासते; म्हणून ‘कंपनीचा अधिकार आहे’ एवढ्या उत्तरावर अशिलाला कधीही विसंबू देऊ नकोस. (इतकी वर्षे चाललेला खटला जिंकणाऱ्यालाही थकवतो, हेही त्या निकालातून दिसते.)

अशिलाला नकार देण्याचे प्रसंग फार येतात. वर्षात 240 दिवस काम भरले की कामगाराला कपातीविरुद्ध कायद्याचे संरक्षण मिळते; ते दिवस भरू नयेत म्हणून त्याला ‘ब्रेक’ द्यायचा आणि पुन्हा नव्या पत्रावर घ्यायचे, अशी योजना घेऊन येणारे अधिकारी तुला भेटतील. कायम कामगाराचे लाभ नाकारण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला) किंवा तात्पुरता ठेवणे ही आपल्या राज्याच्या 1971 च्या कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा आहे, हे त्यांना लेखी कळव. तोंडी सल्ला सोयीस्करपणे विसरला जातो. विलंबाचा हिशेबही त्यांच्यापुढे मांड. पुन्हा कामावर घेण्याच्या निवाड्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले, तर कामगाराला दुसरीकडे नोकरी नसल्यास खटला चालेपर्यंत शेवटचे वेतन औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 17-ब खाली द्यावे लागत असे. शिवाय महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली म्हटले, की बडतर्फी बेकायदा ठरल्यास मागील पगारासह कामावर घेणे हा सर्वसाधारण नियम आहे. हा हिशेब समोर ठेवला की तडजोडीला तयार नसलेला मालकही ऐकू लागतो, आणि कामगाराला हक्काचे पैसे त्याच्या मुलांची शाळा संपण्याआधी मिळतात.

दुसरी बाजूही तुला पटली पाहिजे. स्टोअरमधून माल नेणारा, सहकारी स्त्रीला त्रास देणारा, सुरक्षिततेचे नियम मोडून शेजारच्याचा जीव धोक्यात घालणारा माणूस कामावरून काढण्याचा अधिकार कारखान्याला असलाच पाहिजे. त्या अधिकाराचे रक्षण करताना मला कधी संकोच वाटला नाही. तिथे ढिलाई झाली, तर तिची किंमत त्याच खात्यातले प्रामाणिक कामगार मोजतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. कामगारकपात आणि कारखाना बंद करण्याच्या सरकारी पूर्वपरवानगीची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर गेली आहे. कलमांचे क्रमांक नव्याने शिकावे लागतील, पण जुनी प्रकरणे अजून चालू आहेत, म्हणून जुना कायदाही सोडू नकोस.

मुलाखतीला जाशील तेव्हा पगाराआधी दोन गोष्टी विचार: ज्युनिअर वकिलांना खातेचौकशीच्या कामात आणि युनियनबरोबरच्या वाटाघाटींना बसू देतात का, आणि दावा दाखल होण्याआधी अशिलाला लेखी मत देण्याची पद्धत तिथे आहे का. दोन्हींची उत्तरे ‘हो’ असतील तर जा. नसतील तर माझ्या ओळखीत कामगारांच्या बाजूने काम करणारे एक ज्येष्ठ वकील आहेत. त्यांच्याकडे वर्षभर काम कर आणि मग पुन्हा ठरवू.

तुझी,
आई