कृतिदेवची उलटी वेलांटी

नागपूर, २२ मे

प्रिय बंड्या,

तुझे दोन फोन उचलले नाहीत, म्हणून रुसला असशील. काय करू लेका, तीन रात्री दुकानात कुलरसमोर बसून मॅक्रो, म्हणजे वर्डमध्ये तेच ते काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून राहिलो होतो. दिवसा महाल भागात लग्नपत्रिकांची गर्दी, त्यात हे ऊन.

झालं असं, की आपल्याकडचे ते जुने लेखक आठवतात ना, त्यांचं सगळं लिखाण आमच्याच दुकानात टाइप झालेलं. वर्डच्या दोनशेवर फायली, सगळ्या कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. आता प्रकाशकाला युनिकोड पाहिजे, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर मराठीच दिसेल असं. पुन्हा टाइप करायचं म्हटलं तर दिवाळी उजाडली असती.

मला वाटलं, शोधा आणि बदला, झालं काम. कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांवर मराठी चेहरे. डीचा क दिसतो, केचा काना. पण श म्हणजे आधी अवतरणचिन्ह आणि मग के! मी केचा काना आधी करून टाकला आन् 'शाळा'ची 'श्ााळा' झाली. म्हणजे जोडीची अक्षरं आधी बदलायची, सुटी मागून. एवढं उमजायला एक रात्र गेली.

खरा छळ केला पहिल्या वेलांटीनं. कृतिदेवमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात अक्षराच्या नंतर साठवली जाते. एक अक्षर ओलांडून पुढं सरकवली, तर 'स्थिती'ची 'सि्थती' झाली. जोडाक्षर असेल तर अर्धी अक्षरंही ओलांडावी लागतात. रफाराचं नेमकं उलटं, तो अक्षराच्या नंतर असतो, तिथून उचलून अक्षराच्या आधी आणायचा. बाईंनी शाळेत शिकवलेलं व्याकरण असं कामी येईल वाटलं नव्हतं.

आता माझा गाढवपणा ऐक. सगळं जमलं म्हणून मूळ फायलींवरच चालवलं. प्रस्तावनेत लेखकाचा ईमेल होता, साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये. त्यातल्या आर-ए-एमचं झालं 'तंउ'! आणि वर सेव्हसुद्धा करून मोकळा. नशीब, पेनड्राइव्हवर जुनी प्रत सापडली. आता मॅक्रो आधी प्रत्येक शब्दाचा फॉन्ट विचारतो, कृतिदेव असला तरच हात लावतो. दोनशे फायली, चहा पिऊन येईपर्यंत तयार. तरी वाचून पाहावं लागतंच, दहा-बारा ठिकाणी अडलेलंच असतं.

त्या नादात ऑटोहॉटकीही टाकलं. २००३ पासूनचं फुकटचं सॉफ्टवेअर, मी आत्ता बघून राहिलो! 'चिसौ' लिहिलं की 'चि. सौ. कां.' आपोआप. पोरगा म्हणतो, बाबा, आता बोटांना काम काय?

तुझ्या बाबांच्या आठवणी कृतिदेवमध्येच टाइप केल्या होत्या ना? फायली पाठव. मूळ प्रत मात्र तुझ्याकडेच ठेव, माझा भरवसा नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या