ताईची सही

सदर, नागपूर

प्रिय मास्तर,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पाकीट मिळालं. तुझ्या बहिणीने, म्हणजे ताईने, मोहननगरच्या घरातला हिस्सा सोडून द्यावा म्हणून केलेल्या हक्कसोडपत्राचा मसुदा वाचला, आणि सोबतच्या चिठ्ठीतलं "ताई तुझं ऐकते, तू गेलास तर एका बैठकीत काम होईल" हेही वाचलं. होईल, यात शंका नाही. मी ताईच्या ओट्यावर जाऊन बसलो, चहा घेतला आणि म्हटलं, ताई, इथे सही करा, तर ती चष्मासुद्धा शोधणार नाही. म्हणूनच मी जाणार नाही. कागद दुकानाच्या गल्ल्यात ठेवला आहे. तू आलास की परत देईन.

रागव खुशाल, पण पत्र शेवटपर्यंत वाच. सध्या दिवसभर दुकानात कूलरचे पंप आणि मोटरी घेऊन लोक उभे असतात, जेवायला फुरसत नाही. रात्री शटर पाडल्यावर लिहून राहिलो आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नको.

आधी तुझा सोपा प्रश्न उरकतो. सोसायटीतल्या सत्यनारायणाचा शिरा घ्यावा की नाही? मूर्तीला वाहिलेलं खावं की नाही यावर प्रेषित पौलाने करिंथच्या विश्वासणाऱ्यांना पानंच्या पानं लिहिली आहेत आणि त्यातून दोन माणसं दोन अर्थ काढतात. आमच्या चर्चच्या मंडळीत काही जण हातही लावत नाहीत, काही जण आनंदाने खातात. मी शेजारणीच्या हातातली वाटी दोन्ही हातांनी घेतो, आणि नाताळात करंज्या-चिवड्याचं ताट तिच्याकडे पहिलं जातं. तुझं मन मानत नसेल तर नम्रपणे नाही म्हण. मात्र दारातच तिला प्रवचन देऊ नको. झालं.

आता घराचं.

तू लिहिलंस की या वाटणीवर तू खूप प्रार्थना केलीस, पाळकसाहेबांशी बोललास, आणि त्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढून दिला. गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. आणि प्रभू म्हणतो, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? मंडळीतल्या भांडणातून अंग काढून घ्यायला हे वचन फार सोयीचं पडतं, मीही कमिटीत असताना ते बऱ्याचदा ऐकलं आहे. पण तिथेच थांबायचं कशाला? पुढच्याच ओळीत लोभापासून जपा असं आहे, आणि त्याच्यापुढे कोठारं मोडून मोठी कोठारं बांधणारा तो श्रीमंत शेतकरी. प्रभूने न्यायाधीशाची खुर्ची नाकारली, पण विषय काही सोडला नाही.

तू आणि तुझा धाकटा भाऊ दोन वर्षं भांडत होतात. तो म्हणतो, वरचा स्लॅब मी टाकला, अर्ध्याहून जास्त घर माझं. तू म्हणतोस, बाबांच्या आजारपणात पैसे मी पाठवले, म्हणून अर्धं तरी माझं. आता तुमचं जमलं, आनंद आहे. पण मास्तर, तुम्ही दोघं भांडत होतात तेव्हाही आणि जमलं तेव्हाही हिशेब दोघांतच होता. त्या घरात तीन लेकरं वाढली. तिसरीचा उल्लेख तुझ्या चिठ्ठीत फक्त सही करणारी म्हणून आला.

तू शाळेत नागरिकशास्त्र शिकवलंस म्हणून कायदा सांगायला संकोच वाटतो, पण बहुतेक तूही इतरांसारखाच गृहीत धरून बसला आहेस. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात वडिलोपार्जित आणि स्वकष्टाचं असा भेद नाही आणि मुलगा-मुलगी असाही नाही. मृत्युपत्र नसताना काका, म्हणजे तुझे बाबा, गेले तेव्हा एक तृतीयांश काकूंचं, तुझ्या आईचं, झालं आणि उरलेले दोन तृतीयांश तुम्हा तिघांत सारखे. काकूंनीही काही लिहून ठेवलं नव्हतं, म्हणजे त्यांचा वाटाही तिघांत सारखा. कसाही हिशेब मांड, ताईचा तिसरा हिस्सा येतोच. हिंदू घरांतल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देशभर २००५ साली मिळाला, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी मान हलवून म्हटलं की आता त्यांच्यात भांडणं लागतील. आपल्या बहिणींचा समान वाटा त्याच्या ऐंशी वर्षं आधीपासून कायद्यात बसला होता, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. केरळात त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना जुन्या संस्थानी कायद्याने मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी ते मिळायचं. मेरी रॉय नावाची बाई सख्ख्या भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली तेव्हा १९८६ साली ते मोडलं. आपल्याकडे कोणाला कोर्टात जावं लागत नाही. आपल्या बहिणी सही करून देतात.

आणि का देतात हे तुला माहीत आहे. "माहेर तुटायला नको." आपल्या आजे-पणज्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सोवळं सुटलं, पत्रिका सुटली, कुंकू सुटलं. हे मात्र तसंच बांधून आणलं.

माझ्या आईचं तुला सांगितलं नाही कधी. काटोलकडे आजोबांची संत्र्याची बाग होती. आजोबा गेल्यावर मामाने कागद पुढे केला, आईने सही केली. मामा वाईट नव्हता. दर वर्षी आंबिया बहाराची एक पेटी घरी यायची, आई पदर खोचून ती उघडायची आणि गल्लीभर वाटायची, "माझ्या भावाने पाठवली" म्हणत. मग मामा थकला, बाग पोरांच्या हाती गेली, आणि एका वर्षी पेटी आली नाही. आईने काय केलं असेल? कॉटन मार्केटमधून स्वतःच्या पैशाने दोन डझन संत्री आणली आणि गल्लीत वाटली. माहेरची म्हणून. मी पिशवी धरून तिच्यासोबत होतो, पण तिने मला गप्प राहा असंही सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं मी बोलणार नाही. पुढे तिचे दिवस संपेपर्यंत तिने तो रिवाज चालवला. तुझ्या घरीसुद्धा त्यातली संत्री आली आहेत, काकूंनी घेतली आहेत.

तेव्हा "ताईला आम्ही दोघं मिळून दोन लाख देऊ, खूश होईल" असं जे तू लिहिलंस ते मला वाचवत नाही. ती खूश होईल रे. तिचंच तिला, कापून, वर भेट म्हणून देणार आणि ती आपले हात हातात घेऊन प्रभूची स्तुती करणार. हे तुला बघवेल? तिला गरज आहे म्हणून मी बोलत नाही, हेही लक्षात घे. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी रातोरात तिच्या खोलीत शिरलं तेव्हा तिला गरज होती. तेव्हा तू न मागता पैसे पाठवलेस, तिच्यासाठी आणि तिच्या शेजारच्या दोन घरांसाठीही. तुझं मन मोठं आहे यावर मला कधीच शंका नव्हती. पण मदत करताना आपण देणारे असतो आणि समोरचा घेणारा. वाटणीत ते उलटं पडतं, तिथे आपण देणेकरी. मोठ्या मनाच्या माणसालाही ही दुसरी जागा अवघड जाते. पूरग्रस्तांना बिस्किटं वाटणं, नाताळात कॅरोल गात घरोघर फिरणं, उपासनेत साक्ष देणं, हे सगळं मी करतो आणि मला आवडतंही. त्यात कोणी माझ्याकडे हिशेब मागत नाही ना.

तू म्हणशील, शास्त्रात मुलींना वाटा कुठे आहे? सलाफहादाच्या पाच मुली बापाचं वतन मागायला मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि देव म्हणाला त्या रास्त बोलतात. पण त्यांना भाऊ नव्हता, असं तू लगेच काढशील, ओळखतो तुला. मग बायबलातलं ईयोबाचं पुस्तक काढ, अगदी शेवटचा अध्याय. सगळं गेलेलं परत मिळाल्यावर त्याला सात मुलगे आणि तीन मुली होतात. तिन्ही मुलींची नावं लिहिली आहेत, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. सात मुलग्यांपैकी एकाचंही नाव नाही. आणि बापाने त्यांना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. भाऊ असताना! ईयोबाच्या धीरावर मी किती प्रवचनं ऐकली असतील, या ओळीवर एकही नाही.

धाकट्याची बाजूही सांगतो, कारण तुझ्या पत्रात ती आली नाही. काकू अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा त्याच्या बायकोने त्यांच्या पाठीच्या जखमा धुतल्या. मी कूलर बसवायला जायचो तेव्हा बघत होतो. त्याचं मोल व्हायला हवं, स्लॅबच्या पैशाचंही. पण ते तिघांच्या वाट्यातून वजा होईल, एकट्या ताईच्या नाही. आणि दुपारचं ऊन उतरायच्या आधी सिटी बस पकडून काकूंना भरवायला कोण यायचं, तेही विचार त्याला.

मत्तयात वेदीपाशी दान ठेवून आधी भावाकडे जा असं आहे. ते वचन तू संडे स्कूलमध्ये आम्हा सगळ्यांत आधी पाठ केलं होतंस, बक्षीसही मिळालं होतं. त्यात "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल" असं नाही म्हटलेलं. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवलं, तर. म्हणजे समोरचा तक्रार करो न करो, आठवण ठेवायचं काम आपलं. ताई तक्रार करणार नाही. ती तर रोज तुम्हा दोघांसाठी प्रार्थना करते.

काका रेल्वेतून सुट्टी काढून १९७० च्या २९ नोव्हेंबरला ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात खुर्च्या लावायला गेले होते, हे त्यांनी आपल्याला किती वेळा ऐकवलं! सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तो दिवस. चाळीसेक वर्षं वाटाघाटी चालल्या होत्या म्हणायचे. तुम्ही दोघांनी दोन वर्षांत आटोपलं, त्याबद्दल काकांनी शाबासकी दिली असती; आणि मग विचारलं असतं, पोरगी कुठे आहे?

तर असं कर. सुट्ट्या आहेत तोवर विदर्भ एक्सप्रेसने ये. वहिनींना आण किंवा नको, पण ताईकडे जाताना एकटा जा, धाकट्यालाही नेऊ नको. दोघं भाऊ समोर बसले की ती आधीच हो म्हणेल. कागद काढू नको. फक्त एवढं सांग की घरात तुझा तिसरा हिस्सा आहे, आम्ही तुला विचारायला हवं होतं. मग गप्प बस. ती नको नको म्हणेल, रडेल, बाबांचं नाव घेईल. पहिल्या दिवशीचं तिचं उत्तर धरू नको. तिला तिचा स्वतःचा वकील बघू दे, फी तू दे. विचार करून, आकडा समजून, तरीही तिने सोडलं तर ती तिची मर्जी, मग नोंदणी कार्यालयात मी साक्षीदार म्हणून उभा राहीन. आणि तिने घेतलं, तर धाकट्याला तिचा वाटा विकत घ्यायला वेळ लागेल, हप्ते पडतील, नाहीतर घर विकावं लागेल. मोहननगरातलं घर विकायचं म्हटलं की माझ्याही पोटात कालवतं, आपलं सगळं बालपण त्या अंगणात गेलं. पण अंगणापायी ताईला दोन लाखांत गुंडाळता येत नाही.

येताना काकांचा आणि काकूंचा मृत्यूचा दाखला, मालमत्ता कराच्या पावत्या आणि आखीव पत्रिकेची, म्हणजे जागेच्या सरकारी नोंदीची, प्रत आण. जागा नझूलची, म्हणजे सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली आहे, पट्टा अजून काकांच्याच नावावर असेल तर त्याचंही बघावं लागेल, कचेरीत दोन-चार खेटे होतील. तिथे मी सोबत येतो, त्याची काळजी करू नको.

ताईला मी यातलं काही बोललो नाही, धाकट्यालाही नाही. तुझ्याआधी तिला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद. तारीख कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
बाकावरचा सोबती

ता. क. धाकट्याच्या कूलरचा पंप परवा बदलून दिला. पैसे पूर्ण घेतले. तो म्हणाला, भाऊ, घरच्यांकडूनही घेता का? म्हटलं, घरच्यांचा हिशेब चोख ठेवावा लागतो बे.