ती ट्यूब मी घेऊन आलेय

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, देव्हाऱ्याखालच्या खणात दुखण्याची ट्यूब शोधू नकोस. ती मी पुण्याला आणली. रागावू नका. विचारलं असतं तर बाबा देणार नव्हते, हे तुलाही माहीत आहे.

मागे बारीक अक्षरांत लिहिलंय: डायक्लोफिनॅक, मिथाइल सॅलिसिलेट, मेंथॉल, जवसाचं तेल. डायक्लोफिनॅक हे दुखणं-सूज कमी करणारं औषध. मेंथॉल नुसतं गार वाटायला लावतं, दुखणं तात्पुरतं विसरायला होतं. मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे आजीचं गंधपुऱ्याचं तेल. ते ॲस्पिरिनच्या कुळातलं, कातडीतून रक्तात उतरतं. बाबा, हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनपासून तुम्हाला वॉरफेरिन चालू आहे. रक्त मुद्दाम पातळ ठेवलंय आणि त्यावर तुम्ही रोज दोन्ही गुडघे, कंबर चोळता. अशाने ते आणखी पातळ होऊन आत कुठेतरी रक्त वाहू शकतं. दाढी करताना जरासं कापलं, तर टॉवेलचं टोक लाल झालं तरी थांबेना. ते पाहिल्यावर मला ट्यूब तिथे ठेवून निघणं जमलंच नाही.

तुम्हाला दुखत ठेवायचं नाही हो. निफाडचा पारा उतरला की तुमचे गुडघे कसे धरतात, मला ठाऊक आहे. शेकायची नवी पिशवी कपाटात वरच ठेवलीय, कोरडाच शेक घ्या. शाळेत माझा पाय मुरगळला की रात्रभर तळवा मांडीवर घेऊन बसायचात, आठवतं ना? आता मला एवढं करू द्या.

आई, तुझ्यासाठी नुसत्या डायक्लोफिनॅकचं जेल ठेवलंय. ते तुझ्याच गुडघ्याला, बाबांना अजिबात द्यायचं नाही. चिरलेल्या कातडीवर लावू नकोस. लावलं की हात साबणाने धुवूनच कणकेला हात लाव. वर गरम पिशवी नको, पट्टा नको. सोबत दुखण्याची गोळीही घ्यायची नाही, नाहीतर त्याच जातीचं औषध दोन्हीकडून अंगात जाईल. आठवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखव.

बाबा, सोमवारी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून घ्या. लॅबवाला सकाळी घरी येईल, पैसे मी भरलेत. हिरड्यांतून रक्त आलं, लघवी लाल झाली किंवा शौचाला काळी झाली तर माझ्या फोनची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा. डॉक्टरांना ट्यूबचं नावही सांगा, पाठीमागचा फोटो मी आईच्या मोबाइलवर पाठवलाय.

तुमची,
ताई