दिवाळीच्या सजावटीबद्दल सूचना

नमस्कार मंडळी, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपण खालचं गेट अन् जिना सजवून राहिलो, ज्यांना जमते त्यांनी सुई-दोरा घेऊन या. झेंडू बर्डीच्या बाजारातून त्याच दिवशी आणू, तोरणं आपणच ओवू, प्लास्टिकची नको बाप्पा, मागच्या वर्षीचं एक अजून मीटरच्या डब्यावर लटकून आहे. पणत्या कोऱ्या असतील तर दोन-तीन तास पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर अर्धं तेल मातीच पिऊन टाकते. दारापुढे आधी गेरू सारवा, तो वाळला की मग रांगोळी, पांढरी मस्त उठून दिसते. लायटिंगच्या माळा एकाच बोर्डात चार-चार खुपसू नका. लिफ्टसमोर रांगोळी काढू नका, तिथून पोरं सायकली नेतात.